मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को : तिकिटावर नऊ तास वीस मिनिटं दिसतायत, खरं अंतर किती आणि वेळ किती?

पप्पू_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. प्रश्न तसा बारीक आहे पण आमच्याकडं दोन दिवस त्याच्यावरनं जेवणं थंड व्हायला लागल्यात म्हणून इथं टाकतोय. ताई सॅन फ्रान्सिस्कोजवळ असते, तिचं बाळंतपण आहे, आई-बाबा पहिल्यांदाच विमानानं चाललेत. तिकीट ताईनं तिकडनंच काढलं, मुंबई ते दुबई, दुबई ते सॅन फ्रान्सिस्को. १२ सप्टेंबरला पहाटे ४:३० ला मुंबईतनं निघणार, दुबईला ६:०५, तिथनं ८:५० ला दुसरं विमान आणि सॅन फ्रान्सिस्कोला दुपारी १:५०. तारीख तीच, १२ सप्टेंबर.

आता बाबांनी ३२ वर्षं साखर कारखान्यात काट्यावर काढल्यात. उसाच्या ट्रॉलीत वीस किलो इकडंतिकडं झालं तरी त्यांना त्या रात्री झोप लागायची नाही, असा माणूस. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मागं हिशेब मांडला. साडेचार ते एक पन्नास, नऊ तास वीस मिनिटं. नेटवर मुंबई-सॅन फ्रान्सिस्को अंतर मी बघून दिलं, १३,५०० किलोमीटर. भागिले नऊ पूर्णांक एक तृतीयांश, उत्तर आलं ताशी १,४४६. मग मला म्हणाले, "आवाजाचा वेग १,२०० च्या आसपास असतोय, हे विमान आवाजाच्या पुढं पळतंय होय रे?" ताई फोनवर म्हणते बावीस तास लागतात. बाबा म्हणतात तिकीट खोटं का पोरगी खोटी ते सांगा.

त्यात परतीचं तिकीट फेब्रुवारीतलं आहे, सोमवारी दुपारी ४ ला तिकडनं निघून बुधवारी पहाटे २:३० ला मुंबई. म्हणजे साडेचौतीस तास! जाताना नऊ आणि येताना चौतीस. बाबांचं म्हणणं पृथ्वी फिरते म्हणून असं होत असणार. आईचं म्हणणं येताना विमान सगळीकडं थांबत येत असेल, लालपरीसारखं.

शिवाय दुबई-सॅन फ्रान्सिस्कोचं अंतर तीन ठिकाणी तीन वेगळं दिसलं, एकीकडं १३,०४०, दुसरीकडं ८,१०३ आणि तिसरीकडं ७,०४१. ह्यातलं खरं कुठलं? आणि अजून एक, दुबई तर आपल्या पश्चिमेला, मग आधी तिकडं जाऊन परत वर जाणं म्हणजे मिरजेला जायला तासगाववरनं जाण्यासारखं नाही का? डायरेक्टपेक्षा किती फेरा पडतो?

आणि शेवटचं, सांगलीतनं घरातनं कधी निघायचं. कुणी जाऊन आलं असेल तर नीट सांगा, बाबांना वाचून दाखवायचंय, मोघम उत्तर चालत नाही त्यांना.

मिरजकर_७२

पप्पू, पोरगी खोटी नाही आणि तिकीटपण खोटं नाही. तिकिटावर प्रत्येक वेळ ही त्या त्या गावच्या घड्याळाची असते एवढंच. मुंबईची वेळ मुंबईची, दुबईची दुबईची. त्यामुळं दोन गावांच्या घड्याळांची सरळ वजाबाकी करायचीच नाही.

बाबांना असं सांग. सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेबारा तास मागं असतं. म्हणजे मुंबईत १२ तारखेच्या पहाटेचे साडेचार वाजलेत तेव्हा ताईच्या भिंतीवरच्या घड्याळात ११ तारखेचे दुपारचे चार वाजलेत. आता ताईच्याच घड्याळानं मोजा. ११ च्या दुपारी चारपासनं १२ च्या दुपारी एक पन्नासपर्यंत, एकवीस तास पन्नास मिनिटं. झालं. ह्यात मुंबई-दुबई तीन तास पाच मिनिटं (दुबई आपल्या दीड तास मागं, म्हणून घड्याळात एक तास पस्तीसच दिसतो), दुबईत बसायचं पावणेतीन तास, आणि पुढचं विमान सोळा तास. बेरीज करून बघा, जुळतीय.

काट्यावरच्या माणसाला आवडेल अशी एक युक्ती सांगतो. जातानाचा दिसणारा वेळ आणि येतानाचा दिसणारा वेळ यांची बेरीज करायची. जाताना जेवढे तास घड्याळानं खाल्ले तेवढेच येताना परत दिले, त्यामुळं बेरजेत तो फरक आपोआप कटतो. ९:२० अधिक ३४:३० म्हणजे ४३:५०. निम्मे केले की २१:५५. म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण बावीस बावीस तास. भरलेला ट्रॉली काटा आणि रिकामा काटा, तसंच आहे हे.

पृथ्वी फिरते त्याचा ह्याच्याशी संबंध नाही हो. हवापण पृथ्वीबरोबरच फिरती. नाहीतर हेलिकॉप्टर मिरज स्टेशनवर वर उचलून पाच मिनिटं थांबवलं की खाली रत्नागिरी आली असती, आणि घाटाच्या रस्त्याची कुणाला गरजच पडली नसती.

भडंग_प्रेमी

कवलापूरला विमानतळ झाला की डायरेक्ट कवलापूर-कॅलिफोर्निया पकडा. तोवर ताईचं बाळ कॉलेजात गेलेलं असेल.

भूगोल_मास्तर_कराड

मी निवृत्त शिक्षक, त्यामुळे लांबण लागली तर समजून घ्या.

आधी तीन आकड्यांचं. तिन्ही खरे आहेत. १३,०४० किलोमीटर, ८,१०३ मैल, ७,०४१ सागरी मैल. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. विमानवाले आणि जहाजवाले सागरी मैलच वापरतात, त्याला कारण आहे. पृथ्वीच्या मध्यातनं एक अंश कोन धरला तर जमिनीवर १११ किलोमीटर होतात, त्याचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सागरी मैल. नकाशावर अंश मोजले, साठने गुणलं, अंतर हातात. साइटवाले एकक बारीक अक्षरात लिहितात आणि मग घरात भांडणं लागतात.

आता गंमत बघा. दुबई ५५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिम. दोन्हींची बेरीज जवळजवळ १७८. म्हणजे पृथ्वीगोलावर ही दोन शहरं बरोब्बर एकमेकांच्या पाठीमागं येतात, दोन अंशांचा काय तो फरक. अशा दोन गावांमधला सगळ्यात जवळचा रस्ता पूर्वेनंही जात नाही नि पश्चिमेनंही जात नाही, तो सरळ उत्तरेला वर जातो आणि पलीकडनं खाली उतरतो. म्हणून ह्याचं अंतर काढायला कॉम्प्युटरपण लागत नाही. दुबईचा अक्षांश सव्वापंचवीस, तिथनं ध्रुव ६४.७५ अंशांवर. सॅन फ्रान्सिस्कोचा ३७.६, ध्रुवापासनं तिथं ५२.४. बेरीज ११७.१५. गुणिले १११, झाले १३,००४. साइट १३,०४० दाखवते. छत्तीस किलोमीटरचा फरक, म्हणजे तुमच्यापासनं इस्लामपूरएवढाही नाही. तुमच्या बाबांना हा हिशेब करायला द्या, कॅलेंडरच्या मागं जागा उरली असेल तर.

ही सरळ रेषा उत्तर ध्रुवाच्या जेमतेम दोनशे किलोमीटरवरनं जाते. इराण, मग कझाकस्तान, रशियात उरल पर्वत, नोव्हाया झेमल्या बेट, बर्फाळ समुद्र, आणि पलीकडं कॅनडाचा सगळा पश्चिम भाग उतरत अमेरिका. रोजचं विमान अगदी ह्याच रेषेवरनं जाईल असं नाही, वारा आणि परवानगी बघून मार्ग ठरतो, पण अंतर मोजायचं ते ह्याच रेषेवर.

भिंतीवरचा नकाशा बघू नका, तो फसवतो. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका चौदापट मोठी आहे. मी वर्गात पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवायचो. एक टोक मुंबईवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणला की तो आपोआप वर सरकतो, सायबेरिया, आर्क्टिक, अलास्का. मुलं म्हणायची सर दोरा निसटला. निसटत नाही, तोच सरळ रस्ता आहे.

फेऱ्याचं म्हणाल तर मुंबई-दुबई १,९३० आणि पुढं १३,०४०, एकूण १४,९७०. सरळ १३,५००. म्हणजे फेरा पडला साधारण दीड हजार किलोमीटरचा, दहा-अकरा टक्के. युरोपातनं गेलात तर लंडनमार्गे ७,२०० अधिक ८,६००, पंधरा हजार आठशे. त्या मानानं दुबई अजिबात आडवाट नाही. मिरजेला तासगाववरनं नाही, फार तर बुधगाववरनं.

पप्पू_विश्रामबाग

सर, दंडवत! घरात पृथ्वीगोल नाही, धाकटीचा होता तो दोन वर्षांपूर्वी गच्चीवरनं पडला. बाबांनी मोसंबी घेतली. बॉलपेननं देठाजवळ ध्रुव केला, आईच्या शिवणातला लाल दोरा, आणि मुंबई, दुबई, सॅन फ्रान्सिस्को असे तीन ठिपके. दोरा खरंच वर सरकला. मग अर्धा तास ती मोसंबी हातात धरून बसले होते, आईला ज्यूस करायचा होता तर देईनात.

११७.१५ गुणिले १११ त्यांनी हातानं केलं, दोन दशांशासकट. समाधान झालंय. पण आता नवीन शंका काढली. म्हणतात १३,०४० भागिले सोळा म्हणजे ताशी ८१५, आणि मुंबई-दुबई १,९३० भागिले तीन तास पाच मिनिटं म्हणजे ताशी ६२६. एकाच कंपनीची विमानं, मग दुबईवालं एवढं मागं का, म्हातारं आहे काय ते? आणि परतताना तेच अंतर पावणेसोळा तासात, पंधरा मिनिटं कुठनं वाचली?

टेकऑफ_सातारा

मी विमानाच्या मेंटेनन्सला आहे, मूळ सातारचा, बाबांची शंका शंभर नंबरी आहे.

तिकिटावरचा वेळ हा नुसता उडायचा वेळ नसतो. गेटवरनं विमान मागं ढकलायला सुरुवात केली तिथनं पुढच्या गावच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. त्यात मुंबईत रनवेपर्यंत सरपटत जाणं, रांगेत थांबणं, वर चढणं, खाली उतरताना दहा-पंधरा मिनिटं घिरट्या, उतरल्यावर परत गेटपर्यंत सरपटणं, हे सगळं आलं, वर थोडी मिनिटं राखीवपण धरतात उशीर झाला तर खपून जावा म्हणून. हा खर्च विमान दुबईला जाऊ दे नाहीतर अमेरिकेला, सारखाच असतो, पाऊण तास धरा. तीन तासातनं पाऊण तास गेला की सरासरी कोसळते, सोळा तासातनं गेला तर फारसं जाणवत नाही. सांगली-मिरज आठ-दहा किलोमीटरला अर्धा तास लागतो आणि सांगली-पुणे २३५ ला साडेचार, त्यातलंच. वर गेल्यावर दोन्ही विमानं ताशी ९०० च्या आसपासच पळतात.

आता वारा. विमान ९०० नं पळतं ते हवेच्या तुलनेत. हवाच जर पळत असेल तर जमिनीवरचा वेग बदलतो. तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडनं पूर्वेकडं वाऱ्याची नदी वाहत असते, जेट स्ट्रीम म्हणतात तिला, हिवाळ्यात ती ताशी दोनशेच्याही वर जाते. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, कृष्णेत होड्यांच्या शर्यती बघितल्यात सगळ्यांनी, धारेबरोबर वल्हवणं आणि धारेच्या तोंडाला वल्हवणं. मुंबईतनं लंडनला जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर, म्हणून येताना अर्धा-पाऊण तास कमी. सिंगापूर-सॅन फ्रान्सिस्को तर झकास उदाहरण आहे, १३,६०० किलोमीटर, जाताना पंधरा तासाच्या आसपास आणि येताना सतरा. तेच विमान, तेच अंतर, दोन तासाचा फरक.

पण तुमच्या दुबईवाल्या मार्गावर पंधरा मिनिटांचाच फरक का? मास्तरांनी सांगितलंय त्यातच उत्तर आहे. विमान उत्तर-दक्षिण चाललंय आणि वारा पश्चिम-पूर्व, म्हणजे वारा बाजूनं लागतो. नदी आडवी ओलांडल्यासारखं. जाताना-येताना दोन्ही वेळा जवळजवळ सारखंच.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत गणित यायचं ना, प्रवाहाच्या दिशेनं आणि उलट. बाबांना हे द्या. अंतर ९,०००, विमान ९००, वारा नाही, जाऊन-येऊन वीस तास. आता वारा १०० चा. जाताना ८०० नं सव्वाअकरा तास, येताना १,००० नं नऊ तास, एकूण सव्वावीस. वाऱ्यानं जेवढं घेतलं तेवढं तो परत देत नाही, पंधरा मिनिटं ठेवून घेतोच. अडत्यासारखं.

आणि ह्यावर कडी म्हणजे २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिककडनं न्यायच्या ऐवजी उलट्या बाजूनं, पॅसिफिकवरनं नेलं. रस्ता लांबला, पंधरा हजार किलोमीटरच्या पुढं गेला, हजारभर किलोमीटर जास्तच. तरी साडेचौदा तासात पोचलं, नेहमीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी. कारण सगळा रस्ता वारा पाठीवर. आणि परत येताना अटलांटिककडनंच आलं, तिथंही वारा पाठीवर, म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीला आख्खी फेरी झाली. म्हणून मी कुणी किलोमीटर विचारले की म्हणतो, किलोमीटर राहू दे, वेळ विचार.

अजून एक. आकाशात पण रस्ते बंद असतात. रशियावरनं जायला अमेरिकन आणि युरोपियन विमानांना २०२२ पासून बंदी आहे, आखाती कंपन्यांना नाही, म्हणून तुमचं विमान सरळ वर जाऊ शकतं. भारतीय विमानांना पाकिस्तानचं आकाश २४ एप्रिल २०२५ ला बंद झालं तेव्हापासून दिल्लीकडनं पश्चिमेला जाणाऱ्यांना दक्षिणेकडनं वळसा पडायला लागला. अंतराच्या साइटला हे काही कळत नाही, ती आपली दोन ठिपके जोडून मोकळी होते.

सातारकरीण_बे_एरियात

मी मूळची साताऱ्याची, पोवई नाक्याजवळ माहेर, आता नऊ वर्षं सॅन होजेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळच. मिरजकर दादांची युक्ती छान आहे पण एक चूक राहिली. पप्पूनं लिहिलंय परतीचं फेब्रुवारीत आहे. इथं वर्षातून दोनदा घड्याळ बदलतं, मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत एक तास मागं. म्हणजे फेब्रुवारीत भारताशी फरक साडेबारा नाही, साडेतेरा. साडेचौतीसमधनं साडेतेरा गेले, राहिले एकवीस. येताना बावीस नाही, बरोब्बर एकवीस तास. दुबईत थांबणं कमी असणार, तिकिटात बघ.

हे लक्षात ठेवाच, कारण नोव्हेंबरच्या त्या रविवारनंतर तुमचे फोन पण एक तास चुकतात. माझे बाबा दर वर्षी त्या आठवड्यात आम्ही झोपेत असताना फोन करतात आणि मग "अगं काल तर ह्या वेळेला तू चहा पीत होतीस" म्हणतात.

आई-बाबांसाठी दोन-चार गोष्टी. सोळा तास सलग बसायचं नाही, दर दीड-दोन तासांनी उठून मागं चक्कर मारायची, पाय सुजतात आणि रक्ताची गुठळी व्हायची भीती असते. पाणी पीत राहायचं. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही, आणि कुठल्या घड्याळानं घ्यायच्या ते डॉक्टरांना आत्ताच विचारून कागदावर लिहून घ्या. व्हीलचेअर तिकिटावर आधी टाकून ठेवा, लाजू नका, दुबईचा विमानतळ म्हणजे चालून चालून पंढरपूर होतं. शाकाहारी जेवण आधी सांगावं लागतं.

भडंग, मेतकूट, शंकरपाळी, बेदाणे खुशाल आणा, इथं उतरल्यावर फॉर्ममध्ये किंवा तोंडी खाण्याचं सामान आहे म्हणून सांगायचं, लपवायचं नाही. ताजी फळं नकोत, बाबांना ती मोसंबी घरीच ठेवायला सांगा! आणि सुकं खोबरं आख्खं टाकू नका, ते तेलकट म्हणून पेट घेणाऱ्या मालात धरतात, माझ्या सासूबाईंच्या चार वाट्या मुंबईतच राहिल्या.

हो, आणि एक मजा. दुबईतनं सकाळी निघून इथं दुपारी पोचतात ना, तर सोळा तास सूर्य मावळतच नाही. १२ सप्टेंबरला ध्रुवावरसुद्धा अजून दिवसच असतो, तिथला सूर्य २३ च्या आसपास मावळतो. बाबांना डोळ्यावरची पट्टी द्या, नाहीतर झोपणार नाहीत.

तासगाव_बेदाणा

सगळ्यांनी आकाशातलं सांगितलं, मी जमिनीवरचं सांगतो कारण तिथंच माणूस फसतो.

१२ तारखेला पहाटे साडेचार म्हणजे ११ ची रात्र. हे तारांबळ न करता समजून घ्या. आमच्या चुलत्यांचं असंच पहाटे तीनचं विमान होतं, पोराकडं चालले होते. तारीख समजा वीस. सगळं घर वीस तारखेला दुपारी जेवून, नारळ फोडून, गाडीला लिंबू लावून निघालं. मुंबईत काउंटरवर बाई म्हणाली, "काका, तुमचं विमान काल रात्रीच गेलं." चुलते म्हणाले, "अहो आज वीसच आहे." ती म्हणाली, "हो, आणि वीसची पहाट आज सकाळीच झाली." परत तासगावला आलो तेव्हा गाडीत कुणी बोललं नाही, लिंबू मात्र तसंच होतं. कुणाची चूक म्हणणार, आमचीच. तिकीट चौघांनी वाचलं होतं.

तर हिशेब उलटा करा. विमान साडेचार, विमानतळावर एकच्या आत पाहिजे. सांगलीतनं मुंबई ३८० किलोमीटर, आठ तास. पेठ नाका, कराड, सातारा सुटसुटीत जातं, खंबाटकीत एखादा ट्रक बंद पडलेला असतो, नवले पुलाला संध्याकाळी अडकणार म्हणजे अडकणार, पुढं एक्सप्रेसवेला घाटात गर्दी. दोन तास फुकटचे धरा, जेवायला एक. म्हणजे ११ ला दुपारी दोनला घरातनं बाहेर. कोल्हापूरहून मुंबईचं विमान जुळलं तर बघा, पण रात्री उशिरापर्यंत विमानतळावर बसून काढायची तयारी पाहिजे.

परतताना पहाटे अडीचला उतरणार, बॅगा घेऊन बाहेर यायला चार. त्याच पहाटे ड्रायव्हरला पळवू नका. तो पण रात्रभर जागाच असतो. पनवेलला कुणी पाव्हणा असेल तर चार तास पडा आणि मग निघा.

पप्पू_विश्रामबाग

मंडळी, लई आभार. तासगावकर, तुमचं वाचून आईनं आजच कॅलेंडरवर ११ तारखेला लाल गोल केला आणि खाली "आजच निघायचं, उद्या नाही" असं लिहिलंय.

बाबांनी सगळा हिशेब एका कागदावर उतरवलाय. घर ते ताईचं घर. ११ ला दुपारी २ ला निघणार, विमानात आणि दुबईत २१ तास ५०, उतरल्यावर पासपोर्टची रांग नि सामान दोन तास, तिथनं ताईकडं एक. आपल्या घड्याळानं १३ तारखेच्या पहाटे साडेपाचच्या सुमाराला ताईच्या दारात. साडेएकोणचाळीस तास, त्यातलं खरं उडणं एकोणीस. खाली स्वतःची सही केलीय, काट्याच्या पावतीवर करायचे तशी. ताईला म्हणाले तू बरोबर होतीस, पण दाराशी येईपर्यंत एकोणचाळीस हो, बावीस नाही.

आता एकच राहिलं. सीट निवडायचीय. खिडकी डावीकडची का उजवीकडची? बाबांना बर्फ बघायचाय आणि ऊन नको.

भूगोल_मास्तर_कराड

उजवीकडची घ्या. निघताना विमान उत्तरेला तोंड करून, सूर्य पूर्वेला, तर पहिले तीनेक तास ऊन उजवीकडनंच येईल. मग सूर्य मागं जाईल आणि तिथनं पुढं डावीकडं. गंमत म्हणजे ध्रुव ओलांडून विमान दक्षिणेला वळलं तरी तो डावीकडंच राहतो, कारण तोवर तुम्ही पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला गेलेले असता आणि तिथं सकाळ असते. उतरायच्या थोडं आधी तो समोर येईल. म्हणजे बर्फाच्या सगळ्या भागात उजवी खिडकी सावलीत. मोसंबी हातात घेऊन दिव्यासमोर फिरवून बघा, लक्षात येईल.

पप्पू_विश्रामबाग

मोसंबीचा काल ज्यूस झाला सर. बाबा कांदा घेऊन बल्बखाली बसलेत. आईला मधली नको, कडेची पाहिजे, दर दोन तासांनी उठायचंय म्हणते.